गाताना दम का पुरत नाही? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आपल्या सीमाभागात गाणारी माणसं फार. कुणी क्लासला जाऊन राग शिकतं, कुणी गल्लीतल्या भजनी मंडळात टाळ धरतं, कुणी शिवजयंतीला पोवाडा म्हणतं, कुणी गणपतीत नाट्यगीत. प्रत्येकाचं गाणं वेगळं, पण तक्रार बहुतेक एकच असते: दम पुरत नाही. वर्गात, फोनवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथं एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढं ती अनेक उत्तरांत येणार आहे. ज्यांना दम पुरत नाही त्यांतल्या बहुतेकांना हवा कमी पडलेली नसते. घेतलेली हवा कुठून तरी वाया जात असते, नाहीतर छातीत कोंडून पडलेली असते.

दमसास वाढवायचा म्हणजे फुफ्फुसं मोठी करायची का?

नाही. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसांचं माप उंची, वय आणि शरीराची ठेवण यांवर ठरलेलं असतं. रियाजानं ते फारसं बदलत नाही. शांत बसलेलो असताना आपण एका श्वासात साधारण ५०० मि.लि. हवा घेतो. पूर्ण भरून पूर्ण सोडली तर निरोगी प्रौढ माणसाची हवा ३ ते ५ लिटर भरते. त्यानंतरही लिटरभरापेक्षा थोडी जास्त हवा आत उरते, ती कुणालाच बाहेर काढता येत नाही. म्हणजे बंदिशीच्या एका ओळीला जेवढी लागते त्याहून कितीतरी जास्त हवा आपल्याजवळ असते.

रियाजानं वाढतो तो ताबा. हवा किती सावकाश सोडता येते, गळ्यातले आवाज काढणारे स्वरतंतू एकमेकांना किती नीट भेटतात, कुठला स्नायू उगाच आवळलेला आहे, हे सगळं शिकता येतं. दमसास म्हणतात तो हाच. साठ वर्षांची बाई वीस वर्षांच्या मुलापेक्षा लांब सा लावते, ते यामुळेच.

पोटानं श्वास घ्या असं सगळे सांगतात. हवा तर फुफ्फुसात जाते, मग पोटाचा काय संबंध?

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटासारखा एक स्नायू आहे, श्वासपटल. श्वास घेताना तो आकसतो आणि खाली सपाट होतो. छातीतली जागा वाढते, म्हणून हवा आत येते. श्वासपटल खाली आल्यावर जठर, यकृत, आतडी यांना जागा हवी असते. ती खाली आणि पुढं सरकतात, त्यामुळं पोट पुढं येतं. पोटात हवा जात नाही. पोटाचं पुढं येणं ही श्वासपटल खाली उतरल्याची खूण आहे, एवढंच.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. पोट पुढं आलं पाहिजे एवढंच ऐकून मुलं पोट मुद्दाम फुगवतात. पोटाचा स्नायू ढकलून पोट पुढं आणता येतं, श्वास न घेतासुद्धा. करून बघा. म्हणून मी पोटाकडं लक्ष द्यायला सांगतच नाही. दोन्ही हात कमरेच्या वर, खालच्या बरगड्यांवर ठेवा, अंगठे पाठीकडं. श्वास घेतल्यावर हात बाजूंना सरकले पाहिजेत आणि अंगठ्यांखाली पाठही किंचित रुंदावली पाहिजे. पोट आपोआप येईल तेवढं पुढं येऊ दे.

गाताना खांदे वर जातात. कसं थांबवू?

आडवं झोपून. उताणं पडा, गुडघे वाकवा, बेंबीवर एखादं वजनदार पुस्तक ठेवा. आता नेहमीसारखा श्वास चालू दे. पुस्तक वर जाईल, खाली येईल, खांदे जागेवर राहतील. झोपल्यावर खांद्यांना कामच नसतं, त्यामुळं शरीर आपोआप बरोबर श्वास घेतं. पाच मिनिटं तसं पडून ती जाणीव लक्षात ठेवा, मग बसून तीच शोधा. बसल्यावर हरवली तर पुन्हा आडवे व्हा. काही मुलांना हे एका आठवड्यात जमतं, काहींना दोन महिने लागतात, आणि उशीर लागलेल्यांचं गाणं मागं पडलेलं मी पाहिलेलं नाही.

मग घेतलेली हवा इतक्या लवकर का संपते?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फुफ्फुसं ताणली की परत आकसायला बघतात. बरगड्याही रुंदावल्या की मूळ जागी येऊ पाहतात. तुम्ही जितकी जास्त हवा भराल तितका हा परतीचा जोर जास्त. म्हणून गच्च श्वास भरून ओळ सुरू केली की पहिल्या दोन अक्षरांतच अर्धी हवा भस्सकन निघून जाते. उपाय असा, की श्वास घेणारे स्नायू गाणं सुरू झाल्यावर लगेच सैल सोडायचे नाहीत. बरगड्या रुंद ठेवायच्या आणि त्यांना अगदी सावकाश आत येऊ द्यायचं. ओळीच्या उत्तरार्धात हवेचा स्वतःचा जोर ओसरतो, तेव्हा पोटाचे स्नायू हळूहळू मदतीला येतात. पेटी वाजवणाऱ्याला हे लवकर कळतं: भाता झटके देऊन मारला की सूर हेलकावतो, सावकाश एकसारखा दाबला की सूर सरळ राहतो. युरोपात इटालियन गायकीचे शिक्षक यालाच अप्पोज्जो म्हणतात आणि त्यावर वर्षानुवर्षं मेहनत घेतात.

दुसरी गळती गळ्यात असते. स्वरतंतू पूर्ण जुळले नाहीत तर त्यांच्या फटीतून हवा नुसतीच निसटते. आवाज हवेशीर, फुसफुसता येतो. माइकसमोर तो गोड वाटतो आणि हल्ली बऱ्याच मुलींना तसंच गायची सवय लागते, पण त्या आवाजात लांब आलाप घेता येत नाही. याच्या उलट गळा आवळून गाणारा हवा कमी खर्च करतो, पण आवाज दाबला जातो आणि गळा थकतो. दोन्हींच्या मधली जागा शोधायला स्ट्रॉचा उपयोग होतो. साधी स्ट्रॉ ओठांत धरून तिच्यातून सा गुणगुणा, मग सा रे ग म. स्ट्रॉच्या अडथळ्यामुळं हवेचा दाब थोडा मागं येतो आणि स्वरतंतू कमी कष्टात जुळतात. ओठांची फुरफुर करत सरगम म्हणण्याचाही हाच फायदा.

तिसरी गोष्ट गळतीची नाही, कोंडीची आहे. ओळ संपली तेव्हा छातीत पुष्कळ हवा शिल्लक असते, तरी आपण घाईनं वर आणखी भरतो. असं चार ओळी केलं की छाती तट्ट फुगते आणि तरीही गुदमरल्यासारखं होतं, कारण आतली जुनी हवा बाहेर पडलेलीच नसते. ज्याला मुखडा म्हणता म्हणताच धाप लागते त्याला मी श्वास घ्यायला सांगत नाही, आधी सोडायला सांगते. आमच्या वर्गात अर्धी मुलं घरी कन्नड बोलतात, त्यांना 'उसिरु बिडी' म्हणते. सोडला की पुढचा श्वास आपोआप येतो.

यासाठी घरी करायचा एकच व्यायाम सांगायचा तर कुठला?

'स्स' चा. श्वास घ्या, बरगड्यांवर हात ठेवा आणि दात किंचित जुळवून एकसारखा स्स सोडत राहा. घड्याळाच्या काट्याकडं बघा, पण आकडा वाढवायच्या मागं लागू नका. आवाज सुरुवातीला जेवढा तेवढाच शेवटी असला पाहिजे. तो थरथरला की थांबा, शेवटचा थेंब पिळून काढू नका. स्स जमला की त्याच पद्धतीनं सा लावा. निरोगी प्रौढ माणसाला एका श्वासात साधारण १५ ते २५ सेकंद स्वर धरता येतो. सुरुवातीला १० सेकंदच आले तरी हरकत नाही, ते सरळ आणि न हलणारे असू देत.

श्वास नाकानं घ्यायचा की तोंडानं?

वेळ असेल तेव्हा नाकानं, नसेल तेव्हा तोंडानं. नाकातून आलेली हवा गाळली जाते, कोमट आणि ओलसर होऊन गळ्याशी पोचते. आलाप सुरू करण्यापूर्वी, दोन अंतऱ्यांच्या मधे, तबल्याचं आवर्तन चालू असताना नाकानंच घ्या. द्रुत बंदिशीत किंवा पोवाड्यात तेवढी सवड मिळत नाही. तिथं तोंड उघडून, जीभ सैल ठेवून, आवाज न करता घ्यायचा. श्वासाचा 'हह्' असा आवाज आला की समजावं, गळा आवळलेला आहे आणि हवा अरुंद जागेतून खेचली जातेय. गणपतीच्या मंडपात माइकवर हा आवाज गाण्यापेक्षा मोठा ऐकू येतो. श्वास घेताना मान माइकपासून किंचित वळवा.

वरच्या सा ला गेलं की दम पुरेना झालाय. भजनात तर फारच.

आधी पट्टी तपासा, म्हणजे पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरून गाता ते बघा. पुष्कळ भजनी मंडळांत पट्टी पेटीवाल्याच्या किंवा एखाद्या चढ्या आवाजाच्या बुवांच्या सोयीनं ठरते आणि बाकीचे तिच्यामागं ओढले जातात. सर्वसाधारणपणे पुरुषांना काळी एक ते काळी दोन (पेटीवरची पहिली, दुसरी काळी पट्टी) आणि बायकांना काळी तीन ते काळी पाच सोयीची पडते. प्रत्येकाचा गळा वेगळा, त्यामुळं यात अपवाद भरपूर. गंगूबाई हनगल कितीतरी खालच्या सुरात गायल्या आणि त्या गाण्याचा दरारा आजही कुणी विसरलेलं नाही. पट्टी खाली घेण्यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही.

आता दम का लागतो ते. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईचे स्वरतंतू मध्य सप्तकातल्या सा ला सेकंदाला सुमारे २०८ वेळा कंप पावतात आणि तार सा ला बरोबर दुप्पट. स्वर चढतो तसे ते ताणले जातात, आणि ताणलेल्या तंतूंना कंपित करायला खालून हवेचा दाब थोडा वाढवावा लागतो. हा थोडा वाढवायचा दाब आपण भीतीपोटी चौपट करतो. हनुवटी वर जाते, मान ताणली जाते, गळ्यात जोर येतो. वर चढताना मुद्दाम हनुवटी सरळ ठेवा, बरगड्या रुंद ठेवा आणि आवाज मोठा न करता स्वर लावून बघा. तार सा हळू आवाजात लागला तरच तो तुमचा आहे. आधी ओरडून लावला तर पुढं कधीच हळू लागत नाही.

ओळीत श्वास कुठं घ्यायचा? शब्द तुटला की गुरुजी रागावतात.

रागावणं बरोबरच आहे. शब्दाच्या पोटात श्वास घेतला की अर्थ मोडतो. बंदिश किंवा अभंग पाठ करतानाच श्वासाच्या जागा पेन्सिलीनं खुणा करून ठरवा. ओळ नुसती वाचा, बोलताना जिथं सहज थांबता तीच जागा. चालीत ती जागा समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी आली तर समेवर पोचण्यापुरती हवा ठेवून मागच्या शब्दानंतरच श्वास घ्या. सम हवेशिवाय गाठली की ती पडतेच.

जिथं पूर्ण श्वासाला वेळ नसतो तिथं श्वास चोरायचा. चोरलेला श्वास म्हणजे पाव श्वास: ओठ उघडे, खालच्या बरगड्या क्षणभर सैल, हवा आपोआप आत. त्यासाठी ओढावं लागत नाही. ज्यांनी 'स्स' चा व्यायाम नीट केलाय त्यांना हे लवकर येतं.

ताना घेताना मात्र श्वास संपेपर्यंत ओढत नेऊ नका. छोटी पण पूर्ण झालेली तान ऐकायला चांगली लागते.

भजनी मंडळात सगळे एकदम श्वास घेतात आणि मध्येच गाणं पोकळ होतं. काय करावं?

शेजाऱ्याशी ठरवून घ्या. बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी ध्रुपद (अभंगाची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) धरतात, तेव्हा पहिल्या रांगेतल्यांनी पहिल्या शब्दानंतर श्वास घ्यायचा, दुसऱ्या रांगेतल्यांनी दुसऱ्या शब्दानंतर. अशा साखळीत गाणं कुठंही तुटत नाही. रामकृष्णहरीचा गजर करतानाही प्रत्येकानं वेगळ्या आवर्तनात गप्प बसून श्वास भरला तर तासभर गजर चालला तरी कुणाला धाप लागत नाही. बुवांनी मात्र टाळकरी म्हणत असताना त्यांच्याबरोबर म्हणायचा मोह टाळावा. ती त्यांची विश्रांतीची जागा आहे.

पेटी वाजवत गाते, तेव्हा दम लवकर संपतो. पेटीशिवाय बरं जमतं.

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. डावा हात भाता मारतो, उजवा पट्ट्यांवर, नजर खाली, आणि पेटी जमिनीवर असल्यामुळं सगळं अंग तिच्यावर झुकतं. पोट दुमडलं जातं, श्वासपटलाला खाली यायला जागा राहत नाही. पेटी थोडी उंच करा, खाली पाट किंवा जाड पुस्तकं ठेवली तरी फरक पडतो. बसायला उशी घ्या म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहील आणि पाठ आपोआप सरळ होईल. रोजच्या रियाजातला निम्मा वेळ पेटी बाजूला ठेवून तानपुऱ्यावर गा. मोबाइलवरचा तानपुरा चालतो.

मांडी घालून बसल्यावर श्वास नीट घेता येत नाही. खुर्चीवर बसलं तर चालेल का?

चालेल. गुडघे दुखत असतील तर खुर्चीच बरी, पण पुढच्या कडेला बसा, पाठ टेकू नका, दोन्ही पाय जमिनीवर. मांडी घालणाऱ्यांनी वर सांगितल्याप्रमाणे उशी घ्यावी.

बायकांसाठी एक वेगळी सूचना आहे आणि ती कुणी मोकळेपणानं सांगत नाही. साडीखालच्या परकराची नाडी आपण गच्च बांधतो, साडी सुटू नये म्हणून. ती नाडी नेमकी जिथं खालच्या बरगड्या आणि पोट पसरायचं असतं तिथंच आवळते. कार्यक्रमाच्या दिवशी नाडी थोडी खाली आणि सैल बांधा, खोल श्वास घेऊन बांधा म्हणजे अंदाज येईल. पुरुषांनी पट्टा एक भोक मागं घ्यावा. एवढ्यानं गाणाऱ्यांचा निम्मा त्रास गेलेला मी स्वतः पाहिलाय.

जेवून गायला बसावं का?

नको. भरलेलं जठर श्वासपटलाला खाली येऊ देत नाही, शिवाय पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राला त्रास देतं. जेवण आणि गाणं यांत दोन-तीन तास जाऊ देत. अगदी उपाशीही बसू नका.

दिंडीत चालताना अभंग म्हणायला धाप लागते. वयामुळं का?

वयाचा थोडा वाटा असेल, पण चालताना पायांच्या स्नायूंनाही प्राणवायू हवा असतो, त्यामुळं गाण्यासाठी शरीर हवा सोडायला राजी नसतं. बेळगाव-खानापूरकडून पंढरपूरला पायी जाणाऱ्यांना हे माहीतच असतं. चढावर गाऊ नये, सपाटीवर गावं. पावलांशी श्वास बांधून घ्या: दोन पावलांत श्वास घ्यायचा, सहा किंवा आठ पावलांत गात सोडायचा. पहिले दोन दिवस मुद्दाम कमी गा. डोक्यावर तुळशीवृंदावन असेल तर मान आखडते, तेव्हा गाण्यापेक्षा ऐकण्याची सेवा करावी. खांद्यावर वीणा असलेल्या वारकऱ्यांनी वीणा अधूनमधून दुसऱ्या खांद्यावर घ्यावी, एकाच बाजूच्या बरगड्या दबून राहत नाहीत.

प्राणायाम केल्यानं गाणं सुधारतं का? कपालभाती रोज करते.

अनुलोम-विलोमानं श्वास शांत होतो, लक्ष एकाग्र होतं, गाण्याआधी पाच मिनिटं केलं तर मन स्थिर होतं. भ्रामरीत ओठ मिटून गुंजन करतो तेव्हा स्वरतंतूंवर ताण न येता आवाज उमटतो, तीही चांगली. ओंकार सावकाश, एका सुरात म्हटला तर तो स्वरसाधनेसारखाच आहे.

कपालभाती मात्र गाण्याच्या श्वासाच्या उलट आहे. तिथं श्वास झटक्यानं बाहेर फेकायचा असतो आणि गाण्यात तो धरून ठेवायचा असतो. आरोग्यासाठी करायची तर करा, पण गाण्याच्या अगदी आधी नको. रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. कुंभकाचंही तसंच. दम रोखून धरताना गळा बंद होतो, आणि गाण्यात गळा बंद करायची सवय अजिबात उपयोगाची नाही.

खर्जाचा रियाज कशासाठी? खालचे स्वर तर कार्यक्रमात येतही नाहीत.

खालच्या सप्तकात स्वरतंतू सैल आणि जाड असतात. तिथं जोर लावून स्वर लागतच नाही, हवा सावकाश सोडावीच लागते. म्हणून खर्ज हा श्वासाचाच रियाज आहे. पहाटे, अंग पूर्ण जागं झाल्यावर, मंद्र सप्तकातल्या पंचमापर्यंत खाली जा, हळू आवाजात. स्वर खरखरायला लागला की त्याहून खाली उतरू नका.

श्वासाचे व्यायाम करताना चक्कर येते.

तेव्हाच थांबा. भराभर आणि खोल श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं होतं. उभं राहून करत असाल तर बसा, दोन मिनिटं नेहमीसारखा श्वास घ्या. एका वेळी पाच-सात मिनिटंच श्वासाचे व्यायाम करावेत, दिवसातून दोनदा केले तर पुरे. बाकी वेळ गाणं म्हणूनच श्वास सुधारतो.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करते. घरी आल्यावर गायला बसलं की ठसका लागतो.

तंबाखूची बारीक धूळ नाक, घसा आणि श्वासनलिकेला बोचते, आत सूज येते, आणि सुजलेल्या नळीतून हवा ओढायला जोर लागतो. वखारीत नाकातोंडावर ओलसर सुती कापड बांधा, नुसत्या पदरापेक्षा ते धूळ जास्त अडवतं. घरी आल्याबरोबर गायला बसू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ टाकून नाक धुवा, गुळण्या करा, भरपूर पाणी प्या आणि दोन तासांनी रियाजाला बसा. सुट्टीच्या दिवशी सकाळी लांब स्वरांचा रियाज करा, इतर दिवशी गुणगुणणं पुरेसं आहे. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर मात्र छाती तपासून घ्या.

अथणी, रायबाग, चिकोडीकडं ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवतात, तेव्हाही हाच सल्ला. धूर असेल त्या संध्याकाळी रियाज घराच्या आत, खिडक्या लावून.

काकड्याला पहाटे गातो. थंडीत आवाज फुटतच नाही.

कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत बेळगावची पहाट चांगलीच गार असते. घरून निघण्यापूर्वी कोमट पाणी प्या आणि पाच मिनिटं ओठांची फुरफुर करा. देवळापर्यंत तोंड बंद ठेवून नाकानं श्वास घेत जा, गळ्याभोवती मफलर असू दे. पहिला अभंग खालच्या पट्टीत घ्या.

मला दमा आहे. गायचं सोडून देऊ का?

सोडू नका, पण डॉक्टरांना सांगून गा. सावकाश श्वास सोडायची सवय दमेकऱ्याला उपयोगी पडते. गाणं म्हणजे दम्याचं औषध मात्र नाही. इनहेलर स्वतःच्या मनानं बंद करू नका. स्टेरॉइडच्या इनहेलरनंतर चूळ भरून गुळण्या करा, नाहीतर औषध घशात राहून आवाज बसतो. पंप नेहमी जवळ ठेवा, तानपुऱ्याशेजारी ठेवला तरी कुणी काही म्हणत नाही. छातीत शिट्टी वाजायला लागली की त्या दिवशीचं गाणं तिथंच थांबवा.

कुमार गंधर्व एका फुफ्फुसावर गायले असं ऐकतो. ते कसं शक्य झालं?

कुमार गंधर्वांचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. जन्म १९२४ सालचा आणि इथलाच, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. तरुणपणी त्यांना क्षयरोग झाला, देवासला कोरड्या हवेत राहावं लागलं, काही वर्षं गाणं पूर्ण बंद होतं. बरे झाले तेव्हा एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालेलं होतं. लांबच लांब श्वासाचं गाणं त्यांना आता शक्य नव्हतं. त्यांनी छोटे, धारदार, मधेच थांबणारे स्वरवाक्यांश घेतले आणि थांबण्याच्या जागाही गाण्याचाच भाग केल्या. श्वास घेण्याची जागा ऐकणाऱ्याला रिकामी वाटत नाही, पुढच्या स्वराची वाट पाहायला लावते.

याच मुलखात दुसऱ्या बाजूला भीमसेन जोशी आहेत. जन्म गदगचा, १९२२ सालचा, तालीम कुंदगोळला सवाई गंधर्वांकडं. त्यांची एका श्वासातली लांब तान ऐकली की ऐकणाऱ्याचाच दम संपतो. दोघांची ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ एक ऐका आणि फक्त श्वास कुठं घेतला तेवढं मोजा. एकाचा दम दुसऱ्याला उसना देता येत नाही. दोघांनीही आपल्याजवळ असलेल्या हवेचा हिशोब पक्का ठेवला आणि त्यावर गाणं उभं केलं.

लहान मुलांना हे व्यायाम कधी सुरू करावे?

आठ वर्षांपर्यंत नको. त्यांचा श्वास मुळातच बरोबर असतो, खेळताना हाका मारणाऱ्या पोराकडं बघा. फक्त खांदे वर करून श्वास घ्यायला शिकवू नका, म्हणजे झालं. बारा-तेराच्या पुढं मुलग्यांचा आवाज फुटतो तेव्हा वरचे स्वर बंद करून हळू, मधल्या सप्तकात गाऊ द्या. आवाज फुटलाय म्हणून वर्ग सोडायला लावू नका.

गरोदरपणात गाऊ शकते का?

हो. शेवटच्या महिन्यांत बाळामुळं श्वासपटल वर ढकललेलं असतं, म्हणून श्वास छोटे होतात. ओळी जास्त जागी तोडा, खुर्चीवर बसून गा, दम रोखायचे व्यायाम करू नका.

किती दिवसांत फरक दिसेल?

पाठ सरळ, नाडी सैल, पट्टी बरोबर, एवढं केलं तर त्याच दिवशी. बरगड्या रुंद ठेवून सोडायची सवय गाण्यात उतरायला बहुतेकांना काही महिने लागतात, कारण व्यायामात जमलेलं शब्द आले की विसरलं जातं. म्हणून नवीन चीज (बंदिश) शिकताना पहिले चार दिवस शब्द न घेता नुसत्या 'आ'कारात म्हणा, श्वासाच्या जागा तशाच ठेवून.

डॉक्टरांकडं कधी जायचं?

आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस बसलेला राहिला तर नाक-कान-घसा तज्ज्ञाकडं जा, मध गुळवेल घेत बसू नका. स्वरतंतूंवर गाठ असेल तर ते नीट जुळत नाहीत आणि दम पुरत नाही असं वाटत राहतं, मग कितीही स्स केला तरी उपयोग होत नाही. जिना चढताना, आडवं झोपल्यावर किंवा नुसतं बोलताना धाप लागत असेल, खोकल्यातून रक्त आलं असेल, छातीत दुखत असेल तर तो गाण्याचा प्रश्न नाही, त्याच दिवशी तपासून घ्या. तपासणीला जाताना डॉक्टरांना तुम्ही गाता हे आवर्जून सांगा, किती तास आणि कुठल्या पट्टीत तेही सांगा.